फ्रेममधली पोरगी

दिवाळीच्या पाडव्याला अभिनंदननं जर्मनीहून पाठवलेलं खोकं कोल्हापूरच्या शाहूपुरीत मगदुमांच्या घरी पोचलं, तेव्हा प्रभावतीबाईंना वाटलं, पोरानं लहानसा टीव्हीच पाठवला. गोमटेशअण्णांनी खोकं फोडलं. आत लाकडी चौकटीत बसवलेली काळी काच, एक वायर आणि कुणाला न वाचता येणारी एक घडीची पुस्तिका. अण्णांचं सगळं आयुष्य विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरून देण्यात गेलं होतं, त्यामुळं वायर असलेल्या कुठल्याच वस्तूला ते भीत नसत. पण ही वस्तू उघडायला स्क्रूच नव्हता.

"हिला आतून बघायची सोयच नाही," ते नाराज होऊन म्हणाले.

अभिनंदन फोनवरून सांगत गेला तसा त्यांनी वायफायचा पासवर्ड घातला. दहा मिनिटांत काच उजळली आणि तिच्यात एकेक फोटो यायला लागला. अण्णा आणि प्रभावतीबाईंच्या लग्नातला, कडेनं पिवळा पडलेला. तिसरीतला अभिनंदन गॅदरिंगमध्ये वासुदेव झालेला. बाहुबलीच्या डोंगरावर दमून बसलेले अण्णा. मग अभिनंदनचं जर्मनीतलं ऑफिस, सगळं काचेचं, आणि त्या काचेसमोर हाताची घडी घालून उभा राहिलेला तो. असे चाळीस फोटो. दहा सेकंदांनी एक जायचा, दुसरा यायचा.

"आता मी इथून फोटो पाठवला की आपोआप तुमच्या घरात दिसणार," अभिनंदन म्हणाला. "तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बघायचं."

प्रभावतीबाईंनी फ्रेम टीव्हीशेजारच्या कपाटावर ठेवली आणि त्या दिवसापासून मेथी निवडायची जागा स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली.

पण नवा फोटो काही येईना. तेच चाळीस फोटो दिवसभर फिरत राहिले. आठवड्यातून दोनदा अभिनंदनचा फोन यायचा, पण पूर्वीसारखा तोंड दिसणारा नाही, नुसता आवाजाचा. "इथं रेंज बरोबर नाही आई," म्हणायचा. जर्मनीत रेंज नाही आणि कोल्हापुरात आहे, हे प्रभावतीबाईंना पटत नव्हतं, पण त्या गप्प बसायच्या. पोरगा छत्तीस वर्षांचा झाला होता. दहाबारा चांगली स्थळं त्यानं काही ना काही सांगून परत पाठवली होती, आणि आता तर स्थळं सांगून येणंही थांबलं होतं. अशा पोराला जास्त काही विचारायची सोय नसते.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी काचेवर इंग्रजी अक्षरांचा एक चौकोन आला. खाली दोन बटणं. अण्णांनी चष्मा न लावताच 'येस'वर बोट ठेवलं.

"काय विचारत होतं ते?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"काय का विचारंना. मशीननं विचारलं की होय म्हणायचं. नाही म्हटलं की बंद पडतंय."

त्याच दिवशी दुपारी बाहुबलीच्या डोंगरानंतर बर्फ आला. पांढऱ्या बर्फात आखूड केसांची एक बाई उभी होती, तिशीतली, सावळी, आपल्याकडचीच वाटावी अशी. तिचा हात धरून लाल टोपीतली चारपाच वर्षांची एक पोरगी उभी होती आणि फोटो काढणाऱ्याकडं बघून ती इतकी हसत होती की डोळे मिटले होते.

प्रभावतीबाईंच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. "अहो," त्या म्हणाल्या, "इकडं या जरा."

अण्णा येईपर्यंत फोटो गेला. मग चाळीस फोटो पुन्हा फिरून येईपर्यंत दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. पुन्हा बर्फ आला. अण्णांनी या खेपेला चष्मा लावला होता.

"कोण म्हणायची ही?"

"मला काय माहीत? ऑफिसातली कोण असेल."

"ऑफिसातल्या बाईचा फोटो आपल्याला कशाला पाठवंल तो?"

अण्णा बर्फ पुन्हा येईपर्यंत चष्मा लावूनच उभे राहिले.

पुढच्या दोनतीन आठवड्यांत फोटो येतच राहिले. पोरगी झोपाळ्यावर. पोरगी टेबलावर वाकून रंग भरताना. बाई स्वयंपाकघरात पाठमोरी, पोरगी ओट्यावर बसलेली. प्रत्येक फोटोत या दोघीच. पुरुष माणूस एकाही फोटोत नाही.

"पुरुष कसा दिसणार?" एकदा अण्णा अचानक म्हणाले. "फोटो काढणारा तोच की."

प्रभावतीबाई कधीपासून मनात ज्या गोष्टीच्या कडेकडेनं फिरत होत्या, ती अण्णांनी खोलीच्या मधोमध आणून ठेवली होती.

मग ते दोघं फोटोंकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. एका फोटोत पोरीमागं दुकानाची पाटी होती. अण्णांनी भिंग आणून बघितलं. एका इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं होती. "जर्मन आहे. टिंबं तिथंच असतात." दुसऱ्या फोटोत उन्हातल्या बर्फावर फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडली होती. अण्णा म्हणाले, "डावा खांदा उतरलेला बघ. अभ्या असाच उभा राहतोय लहानपणापासून." प्रभावतीबाईंनी बघितलं. सावलीला खांदा होता हे खरं. तो उतरलेला होता की बर्फच उतरता होता, हे काही त्यांना सांगता येईना. पण एकदा अण्णांनी म्हटल्यावर सावलीत त्यांनाही अभिनंदनच दिसायला लागला.

सगळ्यात मोठा गोंधळ जोतिबानं केला. एका फोटोत भिंतीवर जोतिबाची तसबीर होती, गुलाल लावलेली. मगदुमांच्या जैन घरात अशी तसबीर कधी लागली नव्हती.

"म्हणजे बाई आपल्याच भागातली आहे," अण्णा म्हणाले. "मराठ्याची असणार."

"मग लपवायचं काय त्यात?" प्रभावतीबाईंना एकदम रडू फुटलं. "आपण काय मारलं असतं त्याला? पाच वर्षांची पोर आहे ती. पाच वर्षं त्यानं सांगितलं नाही."

"आता सांगतोय की. तोंडानं सांगायचं धाडस होईना, म्हणून फोटो पाठवतोय. एकेक करून. आपल्याला सवय व्हावी म्हणून."

अण्णांचं म्हणणं प्रभावतीबाईंना पटलं. पटलं म्हणजे काय, दुसरं काही सुचेना म्हणून पटलं. कधी वाटायचं, पोरगी बाईच्या आधीच्या लग्नातली असेल. कधी वाटायचं, नाही, कपाळ आपल्याच घरातलं आहे. एका फोटोत पोरीच्या वाढदिवसाचा केक होता. त्यात अंडं असणार, या विचारानं त्या दिवसभर बेचैन होत्या. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "पोरीला सांगितलं तर ऐकेल का ती?" अण्णांनी विचारलं, "कोण, आई का पोर?" प्रभावतीबाई म्हणाल्या, "दोघीपण," आणि पुढं दोघांनाही हसावं की काय करावं ते कळलं नाही.

पोरीचं नाव माहीत नव्हतं. प्रभावतीबाई तिला मनातल्या मनात बाळी म्हणायला लागल्या. सकाळी जैन बस्तीतून दर्शन घेऊन आल्या की पहिल्यांदा कपाटापाशी जायच्या. बाळीचा पुढचा दात हलायला लागलेला त्यांनी बघितला. तो पडलेला बघितला. एका फोटोत बाळीच्या हनुवटीला पट्टी होती. त्या दिवशी त्यांनी अण्णांना तीनदा विचारलं, "कुठं पडली असेल हो?"

अभिनंदनचा फोन आला की त्या आडून आडून बोलायच्या.

"थंडी फार आहे का रे? सगळ्यांनी जपून राहा."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"तुम्ही सगळ्यांनी."

तो थोडा थांबायचा. "हो हो. जपतोय की."

"आणि बर्फात पळायचं नाही. हनुवटीला लागतंय."

"आई, मी कशाला बर्फात पळतोय?"

"मी आपलं सांगून ठेवलं."

फोन ठेवल्यावर अण्णांना त्या म्हणायच्या, "थांबला बघा मधे. मनात चोर आहे त्याच्या."

असा दीड महिना गेला. बस्तीत एका बाईनं विचारलं, "अभिनंदनचं काय ठरतंय का?" एरवी या प्रश्नावर मान खाली घालणाऱ्या प्रभावतीबाई म्हणाल्या, "कळेल हळूहळू." ती बाई चमकून बघत राहिली. घरी येताना प्रभावतीबाईंचे पाय हलके पडत होते. खरं काय ते माहीत नसताना आपण काय बोलून बसलो, असंही त्यांना वाटत होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी अण्णांनीच तुकडा पाडला. "विचारून टाक आता. आज त्याला सुट्टी असणार."

प्रभावतीबाईंनी फोन लावून मधे ठेवला, दोघांना ऐकू येईल असा. कसं बोलायचं ते आठ दिवस मनात घोळवलं होतं. आयत्या वेळी त्यातलं एक वाक्य आठवेना.

"अभि, आम्हाला सगळं कळलंय," त्या म्हणाल्या.

पलीकडून बारीक आवाजात, "कुणी सांगितलं?"

प्रभावतीबाईंनी अण्णांचा हात धरला. "कुणी सांगायला कशाला पाहिजे? घरात बसून दिसतंय सगळं. आम्ही रागावलो नाही रे. तू मोकळेपणानं सांग."

"अण्णा पण आहेत का तिथं?"

"आहे," अण्णा म्हणाले. "बोल."

"अण्णा, मी तुम्हाला सांगणारच होतो. धाडस झालं नाही." अभिनंदन म्हणाला. "दिवाळीतच सांगायचं होतं. पण तुम्ही इतक्या आनंदानं ती फ्रेम लावलीत, ऑफिसचा फोटो बघितलात..."

"ऑफिसचं जाऊ दे," प्रभावतीबाई म्हणाल्या. "तुझं सांग."

"तेच सांगतोय की. ऑफिस सुटलं आई. जूनमध्येच. कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला. दोन महिने नुसता फिरलो. मग आमच्या घराखाली सायकली दुरुस्त करायचं दुकान आहे, तिथल्या म्हाताऱ्याला माणूस पाहिजे होता. आता तिथं काम करतोय. म्हणून फोटो पाठवत नव्हतो. म्हणून तोंड दाखवत नव्हतो. हात काळे असतात, तुम्ही ओळखलं असतं."

शाहूपुरीतल्या त्या खोलीत पंखा फिरत होता आणि फ्रेममध्ये बाळी झोपाळ्यावर बसली होती. प्रभावतीबाईंना ऐकलेलं सगळं समजलं होतं, पण ते कुठं ठेवायचं ते समजत नव्हतं.

"मग ती पोरगी?" त्यांनी विचारलं.

"कुठली पोरगी?"

"तुझी."

"माझी?"

"अरे लाल टोपीची. दात पडलेली. आखूड केसांची तिची आई, जोतिबाचा फोटो..."

"आई, तू काय बोलतीयस?"

अण्णांनी फोन हातात घेतला आणि मोटारीतला बिघाड सांगावा तसं पहिल्यापासून एकेक करून सांगितलं. बर्फ, दुकानाची पाटी, टिंबं, सावली. मग अभिनंदन म्हणाला, "थांबा, मी बघतो," आणि दोन तासांनी त्याचा पुन्हा फोन आला. या खेपेला तोंड दिसणारा.

दाढी वाढलेली होती. चेहरा उतरला होता. डावा खांदाही उतरलेलाच होता. सात महिन्यांनी पोराचं तोंड बघत होत्या प्रभावतीबाई, आणि तो दुसऱ्याच माणसाबद्दल बोलत होता.

जोतीराम खोत नावाचा कोणी कागलचा माणूस जर्मनीतच दुसऱ्या गावात राहतो, असं त्यानं फोटो पाठवणाऱ्याच्या नावावरून शोधून काढलं होतं आणि त्याच्याशी फोनवर बोलूनही घेतलं होतं. त्याची बायको संयोगिता तिथल्या दवाखान्यात नर्स. त्यानंही कागलला आपल्या आईला हीच फ्रेम पाठवली होती. प्रत्येक फ्रेमला एक नाव द्यावं लागतं, त्या नावावर फोटो जातात. अभिनंदननं नाव दिलं होतं, 'आई कोल्हापूर'. कागलला जोतीरामचा भाऊ केरबा तेच नाव द्यायला गेला, तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं. म्हणून त्यानं पुढं एकचा आकडा लावला आणि भावाला फोनवर सांगितलं, नाव हाय 'आई कोल्हापूर एक'.

"जोतीरामला वाटलं, केरबा खुशीत येऊन एक नंबर म्हणतोय," अभिनंदन म्हणाला. "त्यानं एक काही लिहिला नाही. सगळे फोटो आपल्याकडं आले. पण असं परक्याकडून येत नाहीत, आधी विचारतात, घेऊ का म्हणून. तुम्ही कुणी होय म्हटलं होतं का?"

प्रभावतीबाईंनी अण्णांकडं बघितलं. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते.

"मी इथून काढून टाकू का ते फोटो?"

"नको!" प्रभावतीबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की अण्णा दचकून वळले.

नंतर अण्णा चप्पल घालून बाहेर गेले. ते नोकरीच्या विचारानं गेले की 'येस'च्या, हे त्यांनी सांगितलं नाही. प्रभावतीबाई फ्रेमसमोर बसून राहिल्या. पोराची नोकरी गेली म्हणून रडावं, तर तो धडधाकट समोर दिसला होता. सून नाही म्हणून रडावं, तर ती कधी नव्हतीच. आणि नात? जी आपली नव्हती ती गेली म्हणजे नेमकं काय गेलं? हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलं होतं की कुठलंही एक टोक धरून ओढलं तरी दुसरंच काहीतरी हलत होतं.

मग मनात एक वेगळाच प्रश्न आला आणि त्यातून त्यांची सुटका होईना. कागलच्या त्या आईच्या फ्रेममध्ये दोन महिने काय दिसत असेल?

जोतीरामनं अभिनंदनला लाख वेळा माफी मागून कळवलं होतं, की सगळे फोटो आईला पुन्हा पाठवतो, जरा सवड झाली की. पण प्रभावतीबाई म्हणाल्या, "आपणच नेऊन दाखवू. आतच साठवलेले असतात ना?" अण्णांनी वायफाय बंद करून बघितलं. फोटो होते तसेच फिरत राहिले.

"पण कशाला?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. तेच खरं होतं.

बुधवारी फ्रेम टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि दोघं कागलच्या बसमध्ये बसले. हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, बस अडत अडत चालली होती. प्रभावतीबाईंनी पिशवी मांडीवर घेतली होती आणि बस आदळली की दोन्ही हातांनी ती सावरत होत्या.

खोतांचं घर विचारत विचारत सापडलं. स्लॅबचं नवं घर, पुढं दोन म्हशी. केरबा दूध घालायला गेला होता. दारात अंबूबाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा.

"या पावणं. जोतीचा फोन आलता. त्यो काय बोलला ते मला काय उमगलं न्हाय बगा. माझं फोटू तुमच्यात गेल्यात म्हणला. आवं, माझं फोटू तर माझ्यात हाईत की!"

त्या दोघांना आत घेऊन गेल्या. टीव्हीखाली तशीच लाकडी चौकटीची फ्रेम होती. तिच्यात निळं तळं दिसत होतं. मग लाल पानांची झाडं. मग पिवळ्या केसांची एक लहान पोर समुद्राच्या वाळूत पळताना. मग पुन्हा तळं.

अण्णांच्या लगेच लक्षात आलं. "हे फ्रेमबरोबर आलेले आहेत," ते हळूच प्रभावतीबाईंना म्हणाले. "कंपनीचे. नमुन्याचे."

अंबूबाई मात्र अभिमानानं बोट दाखवत होत्या. "ह्यो तलाव त्येच्या घरामागं हाय. लई थंड पाणी म्हणं. आन ही आमची नात, इसरी. ईश्वरी नाव हाय तिचं. वर्साची असताना गेली हितनं. तवा केस काळंभोर हुतं. तिकडच्या थंडीनं पिवळं झाल्यात बगा."

"तुम्ही जोतीरामला विचारलं नाही?" प्रभावतीबाईंना राहवलं नाही.

"काय इचारायचं? त्यो म्हणायचा, फोटू बघितलास का आये? म्या म्हणायची, बघितलं की, लई ग्वाड. फोनात मला काय दिसत न्हाय. डोळ्यात मोती पडल्यात. म्हणून तर त्यानं ह्यो एवढा मोठा धाडला. केरबाला म्हशींतनं सवड न्हाय, म्याच बघत बसती."

प्रभावतीबाईंनी पिशवीतून फ्रेम काढली. अण्णांनी वायर जोडली. काच उजळली, अण्णांचं लग्न गेलं, वासुदेव गेला, आणि बर्फात लाल टोपी आली.

अंबूबाई नाक काचेला लागेल इतक्या वाकल्या. फोटो बदलला तसा त्यांचा हात आपोआप काचेवर गेला.

"ही कोण?"

"ही ईश्वरी," प्रभावतीबाई म्हणाल्या. त्यांनी ते नाव पहिल्यांदाच तोंडानं उच्चारलं होतं.

"आन मग ती?" अंबूबाईंनी टीव्हीखालच्या फ्रेमकडं बघितलं. तिथं पिवळ्या केसांची पोर वाळूत पळत होती. अंबूबाई एकदा इकडं बघत होत्या, एकदा तिकडं. शेवटी त्यांनी तिकडची फ्रेम भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि खाली बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.

प्रभावतीबाई सांगायला लागल्या. हा झोपाळा नोव्हेंबरातला. तेव्हा दात होता. हा वाढदिवस, पाच मेणबत्त्या आहेत बघा. इथं दात हलतोय, म्हणून तोंड मिटून हसलीय. हा पडल्यानंतरचा. इथं हनुवटीला लागलंय, पण आठ दिवसांत पट्टी निघाली. अंबूबाई प्रत्येक फोटोला मान हलवत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "तुमास्नी कसं ओ एवढं म्हाईत?"

"रोज बघत होते."

"व्हय?" अंबूबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "माझ्या नातीला तुमी रोज बघितलंसा. आन मी रोज दुसऱ्याच्याच पोरीची दिष्ट काढली."

प्रभावतीबाईंना चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि काही चोरलं तर नव्हतं.

"तुमचं कोण हाय तिकडं?"

"मुलगा."

"पोरंबाळं?"

"नाहीत. लग्नच नाही."

"हूं," अंबूबाई म्हणाल्या आणि उठल्या. "बसा. चा टाकते. म्हशीचं दूध हाय, बिनपाण्याचं."

चहा झाला तोवर जोतीरामचा फोन आला. अंबूबाईंनी फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. तो पुन्हा माफी मागायला लागला, तर त्याला मधेच तोडून म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ दे. पोरगीला दे आदी."

खडखड झाली आणि आवाज आला. "ओमा! ओमा!"

प्रभावतीबाई बसल्या जागी ताठ झाल्या. दोन महिने त्यांनी या पोरीचा आवाज मनात ऐकला होता, बारीक, नाजूक. हा आवाज जाडाभरडा होता, सर्दी झालेल्या मुलासारखा. आणि ती आजी म्हणत नव्हती.

"द्येवाचं नाव घेतीया," अंबूबाई कौतुकानं म्हणाल्या. "ओम ओम करती सारखी."

"आये, ओमा म्हणजे हितं आजी," जोतीरामनं मागून सांगितलं. "ईश्वरी, आजीजवळ अजून एक आजी आलीय. तिच्याशी बोल."

"कोन?" पोरीनं विचारलं.

जोतीरामला माहीत नव्हतं. अण्णा चहाच्या रिकाम्या कपात बघत होते. प्रभावतीबाईंच्या तोंडात दोनतीन शब्द आले आणि तिथंच थांबले.

"कोल्लापूरची पावणी हाय गं," शेवटी अंबूबाई म्हणाल्या आणि फोन प्रभावतीबाईंच्या पुढं सरकवला.

"दात आला का गं नवा?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"आला," पोरगी म्हणाली आणि पळून गेली. तिच्या पावलांचा आवाज दूर जाताना ऐकू आला.

निघताना अंबूबाईंनी अण्णांकडून आपल्या फ्रेमचं नाव, केरबानं जोतीरामला पाठवावं म्हणून, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, पुढच्या एकासकट. आपली फ्रेम पिशवीत भरताना प्रभावतीबाईंना वाटलं, आता या म्हणतील, आमचं फोटू काढून टाका. अंबूबाई तसं काही म्हणाल्या नाहीत. राहू देत असंही म्हणाल्या नाहीत. उंबऱ्यापाशी त्यांनी प्रभावतीबाईंच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "या परत." त्या मनापासून म्हणाल्या की रीत म्हणून, हे त्या जाड भिंगांमागं काही दिसलं नाही.

परतीच्या बसमध्ये गोकुळ शिरगाव गेल्यावर अण्णा म्हणाले, "सायकलीला तिकडं सत्तावीस सत्तावीस गिअर असतात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मोबाईलवर बघितलं सकाळी. सोपं काम नाही ते." थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला सांगायला काय झालं होतं त्याला? माझे हात चाळीस वर्षं काळे होते."

प्रभावतीबाईंनी पर्समधून फोन काढला आणि अभिनंदनला लावला. तिकडं कामाची वेळ असेल, हे त्यांना घंटा वाजायला लागल्यावर सुचलं. त्यानं लगेच उचलला.

"आई? काय झालं?"

"काही नाही. कागलला जाऊन आलो."

"बरं झालं. काय म्हणाल्या त्या?"

काय म्हणाल्या, हे प्रभावतीबाईंना धड सांगता येईना. "चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "तू दुकानात आहेस का?"

"हो. नंतर करू का?"

"नको. तू काम कर. फोन नुसता चालू राहू दे."

"नुसता?"

"हो."

तो जरा घोटाळला, मग त्यानं फोन कुठंतरी ठेवला. प्रभावतीबाईंनी दुसऱ्या कानावर हात धरला. लोखंडावर काहीतरी आपटलं. साखळी फिरल्यासारखी खरखर झाली. कुणीतरी म्हातारा माणूस काहीतरी बोलला आणि अभिनंदननं त्याला त्याच भाषेत उत्तर दिलं. त्यातला एक शब्दही त्यांना कळला नाही. बसचा गिअर पडला, पुढं ट्रॉलीवाल्यानं हॉर्न वाजवला. यातला कुठला आवाज बसचा आणि कुठला दुकानातला, हे ओळखायचा प्रयत्न करत त्या फोन कानाला लावून बसून राहिल्या.